बालवीरांचा सहावा नियम आणि नर्मदेचा मासा

‘स्काउट’ या इंग्रजी शब्दाला मराठीने ‘बालवीर’ असा प्रतिशब्द दिला आणि हिंदीने ‘बालचर’ असा. इंदुरात वाढलेल्या आमच्या पिढीच्या कानांवर हे दोन्ही शब्द पडत असत. घरी आजोबा ‘बालवीर’ म्हणत, शाळेच्या फळ्यावर ‘बालचर’ लिहिलेले असे आणि आम्ही मुले मात्र सरळ ‘स्काउट’ म्हणून मोकळे होत असू. दोन्ही प्रतिशब्दांत थोडा फरक आहे. मराठी शब्दाला पराक्रमाची अपेक्षा आहे. हिंदी शब्दाला फिरण्याची, पाहण्याची, टेहळणीची. मूळ अर्थाच्या जवळ जाणारा शब्द हिंदीचा, हे मराठीच्या अभिमान्यांनीही मान्य करावे. कारण स्काउट हा आधी पाहणारा असतो. वीर तो झालाच तर पुढे होतो.

आमच्या घराण्यांतील कितीतरी मुले या चळवळीतून गेली. खाकी चड्डी, गळ्यातला स्कार्फ, डाव्या हाताचे हस्तांदोलन, दोराच्या गाठी आणि मे महिन्यातील तळ या गोष्टी साठी उलटलेल्या अनेकांना आजही पाठ असतील. परंतु चळवळीचा साद्यंत इतिहास सांगण्याचा या लेखात आमचा हेतू नाही. त्या तळांवर आम्हा मुलांसमोर जो एक प्रश्न उभा राहिला, आणि ज्याचे उत्तर आम्हाला पुस्तकात न मिळता नर्मदेच्या घाटावर मिळाले, तेवढ्याचाच येथे विचार करावयाचा आहे. तो प्रश्न माशाचा होता.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. बालवीर चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांची लष्करी उमेदवारी हिंदुस्थानात झाली. 1876 साली ते तरुण अधिकारी म्हणून लखनौच्या छावणीत दाखल झाले. घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार करण्याच्या खेळात त्यांनी 1883 मध्ये मेरठकडील नामांकित कादिर चषक जिंकला आणि त्या खेळावर ग्रंथही लिहिला. मासेमारीचा छंद तर त्यांना आयुष्यभर होता. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यानजीकच्या ब्राउन्सी बेटावर वीसएक मुलांना घेऊन त्यांनी पहिला प्रायोगिक तळ ठोकला. त्या मुलांत श्रीमंत शाळांतील होती तशी कामकरी घरांतीलही होती. पुढच्याच वर्षी, 1908 मध्ये, त्यांचा बालवीरांसाठीचा ग्रंथ हप्त्याहप्त्यांनी प्रसिद्ध झाला आणि पाहता पाहता चळवळ इंग्लंडबाहेर पसरली.

हिंदुस्थानात तिचा प्रवेश 1909 साली बंगलोर येथे झाला. पण आरंभीची पथके गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. मुलींचे पहिले पथक 1911 साली जबलपूरला, म्हणजे नर्मदेच्याच काठी, निघाले ही गोष्ट मध्यप्रदेशातील वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. देशी मुलांना या चळवळीत घ्यावे की नाही याविषयी सरकारला दीर्घकाळ शंका होती. तिला उत्तर देशी माणसांनीच दिले. संयुक्त प्रांतात पं. श्रीराम वाजपेयी यांनी 1913 मध्ये शहाजहानपूरला पथक काढले. मध्यप्रांतात, नागपूरकडे, विवियन बोस यांनी देशी मुलांसाठी हे काम अंगावर घेतले. हेच बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मद्रासला ॲनी बेझंट यांनी आणि अलाहाबादला पं. मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांनी स्वतंत्र संघटना उभारल्या. 1921 मध्ये बेडन-पॉवेल स्वतः येथे आल्यावर समेटाचे प्रयत्न झाले, तरी फाटाफूट पुरती मिटली नाही. अखेर स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, मुलांच्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी मुलींची संघटनाही तीत सामील झाली. 1956 साली राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रासाठी स्थळ निवडले गेले ते आपल्या सातपुड्यातील पंचमढी.

सातपुड्याचे आणि या चळवळीचे नाते याहूनही जुने आहे. लहान मुलांच्या ‘कब’ शाखेची मांडणी 1916 मध्ये झाली तेव्हा तिची सारी परिभाषा किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधून उचलली गेली. जगातील अनेक देशांतील कब आपल्या नायकाला ‘अकेला’ म्हणतो, तो शब्द आपल्या हिंदीचा. किपलिंगचे अरण्य शिवनीचे आणि नदी वैनगंगा. पण त्याने ज्या ग्रंथांचा आधार घेतला त्यांत 1877 साली निघालेले स्टर्नडेल या अधिकाऱ्याचे पुस्तक होते आणि त्याचा विषयच सातपुड्यातील तंबूंचे जीवन हा होता. तात्पर्य, विलायतेहून आलेल्या या चळवळीच्या सामानात थोडी माती आमच्याकडचीच होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बालवीरांच्या नियमांतील सहावा नियम असा की, स्काउट हा पशुपक्ष्यांचा मित्र असतो. भारतीय आवृत्तीत त्याला निसर्गप्रेमाची जोड मिळाली. दुसऱ्या बाजूने, स्वतःचे अन्न स्वतः मिळविता येणे हे बालवीराचे कौशल्य मानले गेले आणि त्यात मासे धरणे ओघानेच आले. अमेरिकेतील संघटनेने 1911 साली जी पहिली प्रावीण्यपदके ठरविली, त्यांत गळाने मासे धरण्याचे पदक होते. दहा निरनिराळ्या जातींचे मासे धरून त्यांची नावे सांगणे ही त्यातील एक अट होती. एकीकडे मैत्री, दुसरीकडे गळ. जनकांच्या मनात या दोहोंमध्ये विरोध नव्हता. विनाकारण जीव घेऊ नये, यातना देऊ नयेत, अन्नासाठी घेतल्यास हरकत नाही, असे त्यांचे साधे उत्तर होते. परंतु हे उत्तर जेव्हा माळव्यातील मराठी मुलांच्या तळावर येऊन पोचले, तेव्हा ते तितके साधे राहिले नाही.

त्याचे कारण आमच्या घरांमध्ये होते. होळकरांच्या आणि शिंद्यांच्या फौजांमागून व कारभारामागून जी कुटुंबे देशावरून आणि कोकणातून येथे आली, त्यांत सर्व प्रकारची होती. काहींच्या स्वयंपाकघरात मासळी येणे ही कल्पनाच अशक्य होती. काही कुटुंबे मूळची किनाऱ्याकडील. समुद्र पिढ्यांमागे राहिला, सुरमई-पापलेटची नावे आजीच्या बोलण्यात उरली आणि रविवारी नदीची मासळी आणून तिच्यावरच समाधान मानणे भाग पडले. मराठा घरांत सामिष चाले, पण एकादशी आणि श्रावण कडक. शाळेत एका बाकावर बसणाऱ्या या मुलांना एकमेकांची ताटे कधी पाहण्याचा प्रसंग येत नसे. तो प्रसंग तळाने आणला.

आम्ही ज्या तळाविषयी लिहीत आहोत तो 1974 च्या मे महिन्यातील. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. चार टोळ्या, प्रत्येकीत सहा मुले, एक स्काउटमास्तर आणि त्यांचे एक साहाय्यक असा लवाजमा सकाळच्या मीटरगेज गाडीने निघाला. महू मागे पडले, पाताळपाणी आले आणि तेथून पुढे गाडी घाट उतरू लागली. हा लोहमार्ग होळकर दरबाराने इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन बांधवून घेतला होता, हे मास्तरांनी आम्हाला बोगद्याच्या अंधारात सांगितले. उजेड येईपर्यंत कोणी गोंगाट करू नये हा त्यामागील हेतू असावा. कालाकुंडला पळसाच्या पानांत बांधलेला कलाकंद मिळे. तो घेतला नाही तर प्रवास झाला असे कोणी मानीत नसे. बडवाहला उतरून रोडवेजच्या बसने आम्ही मंडलेश्वरला पोचलो तेव्हा निमाडचे ऊन काय असते ते कळले. माळव्याच्या पठारावरून आलेल्या मुलांना ती हवा भट्टीसारखी वाटली.

तळ नदीपासून काही अंतरावर, उंच काठावरील आंब्यांच्या सावलीत ठोकला. पाण्यात उतरण्याचे नियम मास्तरांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितले. एकट्याने कोणी पाण्यात जावयाचे नाही. प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला. शिट्टी वाजताच जोडीदाराचा हात धरून उभे राहावयाचे आणि मोजणी द्यावयाची. काठावरच्या झाडाला दोर बांधून त्याचे दुसरे टोक पाण्यात रोवलेल्या बांबूला अडकविले होते. त्याच्या पलीकडे पाऊल टाकण्यास सक्त मनाई होती. ही हद्द मास्तरांनी स्वतः ठरविली नव्हती. गावातील एका वृद्ध केवटाला त्यांनी बोलावून आणले होते आणि त्याने लांब काठीने तळ चाचपून, कोठे खडक संपतो आणि कोठे डोह सुरू होतो, ते दाखविले होते. वरून सारखेच दिसणारे पाणी आत सारखे नसते हे आम्ही त्या काठीवरून शिकलो. भूगोलाच्या तासाला नर्मदेची लांबी 1,312 किलोमीटर म्हणून पाठ केलेल्या आम्हा मुलांना तिची खोली सांगणारा माणूस प्रथमच भेटत होता.

त्याच केवटाने आम्हाला गळ टाकण्यास शिकविले. बांबूची बारीक काठी, सुती दोरा, मोराच्या पिसाच्या देठाचे तरंगते आणि लोखंडी आकडा एवढेच साहित्य. आमिष म्हणून कणकेत थोडे बेसन मिसळून मळलेली गोळी. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, आम्ही टोळीटोळीने खडकांवर बसत असू. मासेमारीत साहस पुष्कळ असेल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ती बहुतांशी गप्प बसण्याची विद्या निघाली. जो मुलगा वर्गात क्षणभर स्थिर नसे तो तासभर तरंगत्यावर डोळे लावून बसलेला आम्ही पाहिला. पहिल्या दिवशी बोटभर लांबीच्या चंदेरी मासळ्यांखेरीज काही हाती आले नाही. एका टोळीनायकाचा गळ खडकात अडकला, तो सोडविण्यासाठी वाकता वाकता स्वारी गुडघाभर पाण्यात बसली आणि भिजलेला स्कार्फ दिवसभर काठीवर वाळत राहिला. दुसऱ्या दिवशी एक हातभर सावल लागला. आमच्यातील किनाऱ्याकडच्या घरातील एक मुलगा एकदम ओरडला, “अरे, ही तर मरळ!” आजीच्या तोंडचा शब्द त्याला निमाडात पाण्याबाहेर आलेला दिसला होता. केवट ‘बाम’ म्हणे तिला घरी ‘वाम’ म्हणतात हेही तेव्हाच उमगले. पढिन, सिंघाड, रोहू अशी नावे आम्ही वहीत टिपली. सर्वांत शेवटी त्याने ‘बाडस’चे नाव घेतले आणि ते घेताना आवाज जरा खाली आणला. बाडस म्हणजे महसीर; सोनेरी मोठ्या खवल्यांचा, वाहत्या पाण्याचा आणि जोराचा मासा. तो मुलांच्या काठीला लागावयाचा नाही, असेही त्याने हसून सांगितले.

वादाला तोंड फुटले ते त्या सावलामुळे. मासा शिजवावयाचा कोठे? सामाईक चुलीवर मासळी चढल्यास निम्मी मुले जेवणार नाहीत हे उघड होते. परंतु त्याहून अवघड आक्षेप एका शाकाहारी घरातील मुलाने घेतला. तो म्हणाला, “चूल वेगळी करता येईल, पण सहाव्या नियमाचे काय? रोज सकाळी आपण जे म्हणतो ते खोटे का?” दुसऱ्या बाजूनेही उत्तर तयार होते: आमच्या घरी मासळी खातात, म्हणून आम्ही प्राणिमात्रांचे शत्रू ठरतो काय? चौदा वर्षांच्या मुलांच्या या भांडणात त्यांची घरे बोलत होती. मास्तरांच्या ते लक्षात आले असावे. त्यांनी निकाल दिला नाही. टोळीनायकांची सभा बोलाविली आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला.

सभेने जे ठरविले ते आम्हाला आजही शब्दशः नसले तरी आशयाने स्मरते. चूल दुसरी मांडावी. जे खाणारे आहेत त्यांनी त्या वेळच्या जेवणापुरतेच धरावे. खेळ म्हणून धरू नये. वीतभर लांबीपेक्षा लहान मासा आणि पोटात अंडी असलेला मासा ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडावा. घाटावर गळ टाकू नये. आणि जे खात नाहीत त्यांनी खाणाऱ्यांना नावे ठेवू नयेत. या शेवटच्या कलमावर बराच वेळ गेला. पुढील आयुष्यात शासकीय सेवेत असताना आम्ही अनेक नियमावल्या पाहिल्या, काहींच्या मसुद्यांवर कामही केले. पण ज्यांच्यावर नियम बंधनकारक आहेत त्यांनीच वाद घालून केलेला असा नेमका नियम क्वचितच पाहण्यात आला.

तो नियम प्रथम मोडला तो आम्ही स्वतः, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पाचव्या दिवशी महेश्वरपर्यंत पायी पदभ्रमण होते. अंतर आठ-नऊ किलोमीटरांचे. पहाटे निघून आम्ही ऊन होण्यापूर्वी अहिल्याघाटावर पोचलो. किल्ल्याची भिंत, खाली उतरत गेलेल्या पायऱ्या आणि शेवटच्या पायरीशी निवळ पाणी. त्या पाण्यात मासे होते, आणि ते लहान नव्हते. यात्रेकरू फुटाणे आणि कणकेच्या गोळ्या टाकीत होते. सोनेरी पाठी पाण्याला ढुशा देत वर येत होत्या. चार दिवस ज्याचे नुसते नाव ऐकले तो बाडस हाताच्या अंतरावर होता. आमच्या खिशात गुंडाळलेला दोरा आणि आकडा होता. इतर मुले देवळाकडे गेलेली पाहून आम्ही घाटाच्या एका कोपऱ्यात बसलो, फुटाणा आकड्याला अडकवून पाण्यात सोडला.

वरच्या पायरीवर एक वृद्धा कपडे पिळीत होती. ती रागावली नाही. जवळ येऊन तिने आमच्या हातातील दोरा पाहिला आणि म्हणाली, “बेटा, ये देवी की मछलियाँ हैं। इनका हिस्सा बँधा हुआ है।” एवढे म्हणून तिने आपल्या पदरातील मूठभर फुटाणे आमच्या हातावर ठेवले आणि ती निघून गेली. दोरा वर ओढला तेव्हा आमचे हात थरथरत होते. मासा लागला नव्हता, हे आमचे भाग्य. संध्याकाळी शेकोटीपाशी आम्ही ते सर्वांसमोर सांगितले. शिक्षा म्हणून राहिलेल्या दिवसांत आमचा गळ जप्त झाला. परंतु ‘हिस्सा बँधा हुआ है’ म्हणजे काय, हा प्रश्न उरला आणि त्याचे उत्तर मास्तरांनी, जे आम्हाला इतिहास शिकवीत, त्याच शेकोटीपाशी दिले.

सर जॉन माल्कम हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. 21 डिसेंबर 1817 च्या महिदपूरच्या लढाईत ते होळकरांच्या विरुद्ध बाजूला होते आणि 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह त्यांनीच घडवून आणला. होळकरांचे राज्य ज्यांनी खालसा केले नाही पण दुबळे केले, त्यांतील ते एक प्रमुख. त्यानंतर मध्य हिंदुस्थानचा कारभार पाहताना त्यांनी अहिल्याबाईंच्या काळातील माणसे शोधून माहिती गोळा केली आणि 1823 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ती नोंदविली. त्यांत आढळते की, भर उन्हात नांगराला जुंपलेल्या बैलांना थांबवून बाईंचे सेवक पाणी पाजीत. पिकावरून हाकलल्या जाणाऱ्या पाखरांसाठी बाईंनी शेते विकत घेऊन ठेवली होती. आणि नदीतील माशांनाही त्यांच्या दयेचा वाटा मिळे, त्यांच्यासाठी अन्नाचा भाग नेमून दिलेला होता. 1767 ते 1795 हा बाईंच्या कारभाराचा काळ. म्हणजे बेडन-पॉवेल यांच्या सहाव्या नियमाच्या शतकभरापूर्वी तो नियम महेश्वरला नुसता उच्चारला जात नव्हता, तर खर्ची पडत होता. या नोंदीचे महत्त्व असे की, ती स्तुतिपाठकाची नाही; रणांगणावर होळकरांविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाची आहे.

मास्तरांनी त्या रात्री जो भेद दाखविला तो आम्ही जन्मभर जपला. विलायती नियम मैत्रीची भाषा बोलतो. ती चांगली आहे, पण मैत्री ही मर्जीची गोष्ट आहे. महेश्वरचा रिवाज वाट्याची भाषा बोलतो. वाटा म्हणजे हक्क. तो देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसतो. दप्तरात लिहिलेला असतो आणि देणारा गेला तरी चालू राहतो. त्या वृद्धेला माल्कमचा ग्रंथ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. अहिल्याबाईंना जाऊन तेव्हा जवळजवळ 180 वर्षे झाली होती. तरीही माशांचा हिस्सा बांधलेला आहे, एवढे तिला पक्के ठाऊक होते. आमच्या तळावरील वादाचे उत्तरही यातच होते. केवटाचा वाटा, माशाचा वाटा, खाणाऱ्याचा वाटा आणि न खाणाऱ्याचा मान, हे सर्व एकाच नदीवर नांदू शकत होते. अट इतकीच, कोणी दुसऱ्याच्या वाट्याला हात घालू नये.

कायद्यानेही पुढे हीच वाट निराळ्या भाषेत धरलेली दिसते. 1897 च्या मत्स्यव्यवसाय अधिनियमाने सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरविले. त्याआधी, 1873 मध्ये, मद्रासकडील मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर ग्रंथ लिहून महसीरची थोरवी जगाला सांगितली होती. माशांच्या नासाडीविरुद्ध ओरड करणाऱ्यांतही तेच पुढे होते. मध्यप्रदेशात 1972 च्या नियमांनी 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंद-ऋतू ठरविला. या दोन महिन्यांत नदीत मासेमारीस, तसेच मासळीच्या विक्री-वाहतुकीस मनाई. जिल्हा कचेरीत असताना दर वर्षी जूनमध्ये हा आदेश आमच्या टेबलावरून जात असे. सही करताना प्रत्येक वेळी आम्हाला तळावरील ते कलम आठवे: पोटात अंडी असलेला मासा परत सोडावा.

आता त्या नदीविषयी. आमचा तळ झाला तेव्हा मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी इंदूरला नेण्याची योजना आकार घेत होती. 1970 साली शहराने त्यासाठी मोठे आंदोलन केले होते. 1978 मध्ये सुमारे 70 किलोमीटरचे अंतर आणि घाटाची चढण पार करून नर्मदा इंदूरच्या नळांना आली. तो आनंद ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. ज्या पाण्यात आम्ही जोडीदाराचा हात धरून उभे राहिलो होतो, तेच आता घरी घागरीत पडू लागले. इंदूर वाढले ते या पाण्यावर. आमच्यापैकी प्रत्येक जण तिचा ऋणी आहे, आणि म्हणून पुढे जे लिहितो ते तक्रारीच्या सुरात नाही.

नळाला पाणी आले, आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांत नदीचे रूप पालटले. वरच्या अंगाला जबलपूरजवळचे बरगी धरण 1990 च्या सुमारास पुरे झाले. त्यानंतर इंदिरासागर 2005 मध्ये आणि ओंकारेश्वर 2007 मध्ये कार्यान्वित झाले. खालच्या अंगाला सरदार सरोवर 2017 मध्ये राष्ट्रार्पण होऊन 2019 साली प्रथमच पूर्ण पातळीला, 138.68 मीटरला, भरले आणि बडवानीकडील घाट व गावे पाण्याखाली गेली. आमच्या तळाच्या जागेपासून दूर नसलेल्या ठिकाणी महेश्वर जलविद्युत प्रकल्पाचा बांध उभा राहिला; 400 मेगावॉटची ती योजना वर्षानुवर्षे वादात अडकून पडली. या धरणांनी शेते भिजविली, दिवे लावले. त्यांची किंमत ज्यांनी घरदार देऊन भरली त्यांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. त्यावर येथे ओझरते लिहिणे त्यांच्यावर अन्याय होईल.

माशाने दिलेली किंमत मात्र आमच्या विषयात येते. बाडस हा वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा. पावसाळ्यात पूर आला की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्या-वाळूच्या उथळ पात्रात, उपनद्यांच्या तोंडाशी, अंडी घालतो. त्याला वर जाण्यास वाट लागते, तळाशी स्वच्छ गोटे लागतात आणि पाणी चालते असावे लागते. बांधाने वाट अडते; जलाशयात पाणी उभे राहते आणि गोट्यांवर गाळ बसतो; वाळू उपसली की उरलेली जागाही जाते. राज्य शासनाने 2011 साली महसीरला राज्यमासा म्हणून घोषित केले. पण जो एके काळी नर्मदेच्या मासळीत प्रमुख होता, त्याला असा मान देण्याची वेळ तो दुर्मीळ झाल्यावर आली, हे समजून घ्यावे.

येथे अहिल्याबाईंच्या वाट्याचा पुन्हा विचार करावा लागतो. त्या काळी नदी वाहती होती. माशाला अन्न दिले की त्याचा वाटा पोचला. आज घाटावर आपण कितीही फुटाणे टाकले तरी वाटा पोचत नाही, कारण त्याची गरज बदलली आहे. त्याला पाणी हवे, आणि तेही योग्य वेळी सोडलेले, वाहते. धरणांतून नदीसाठी किती पाणी सोडावयाचे, उपनद्यांच्या मुखांशी वाळूचा उपसा कोठे थांबवावयाचा, हे आता त्या वाट्याचे दप्तर आहे. चोरल, कारम यांसारख्या लहान नद्या आमच्या डोळ्यांदेखत उन्हाळ्यात लवकर कोरड्या पडू लागल्या. त्या जिवंत ठेवणे हे नर्मदेच्या माशाला घास घालण्यासारखेच आहे. मैत्रीच्या भाषेत हे काम होणार नाही. ते हक्काच्या भाषेत लिहून ठेवावे लागेल.

आणि ते कोण मागणार? येथे आम्हाला पुन्हा तळ आठवतो. आमच्या पिढीतील जे लोक नदीविषयी आज तळमळीने बोलतात, त्यांपैकी बहुतेकांनी लहानपणी कधी तरी तिच्या काठी रात्र काढलेली असते. आज आमच्या नातवंडांच्या सुट्ट्या शिकवणी-वर्गांत किंवा दूरच्या सहलींत जातात. पाण्याची भीती पालकांना वाटते आणि ती अनाठायी नाही. दर उन्हाळ्यात पाताळपाणी-तिंछ्याकडून येणाऱ्या बातम्या आपण वाचतो. परंतु त्या दुर्घटना होतात त्या बहुधा न मोजलेल्या पाण्यात, काठी न लावता उतरल्याने. मुलांना पाण्यापासून सर्वस्वी दूर ठेवण्यापेक्षा पाणी मोजण्यास शिकविणे हा अधिक भरवशाचा उपाय आहे. त्यासाठी नर्मदेपर्यंत जाणेही आवश्यक नाही. होळकरांनी बांधलेला सिरपूर तलाव आणि यशवंतसागर या दोन्ही जागांना 2022 मध्ये रामसर स्थळांचा दर्जा मिळाला. त्यांच्या काठी एक पहाट गप्प बसून काढण्यास फारसा खर्च येत नाही. गळ नकोच, वही आणि डोळे पुरेत. ‘बालचर’ या शब्दाचा अर्थही तोच.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नातवाला घेऊन महेश्वरला गेलो होतो. त्याच पायऱ्या, तोच किल्ला. फुटाणे विकणारी मुले होती आणि पाण्यात टाकलेल्या दाण्यांभोवती लहान मासळ्यांची गर्दी होत होती. सोनेरी पाठीचा मोठा मासा आम्हाला बराच वेळ बसूनही दिसला नाही. नातवाने विचारले, “आजोबा, मोठे मासे कुठे गेले?” आम्ही त्याला 1974 ची सारी हकिकत सांगितली; खिशातील दोऱ्यासकट, काही न लपविता. त्याने हातातील फुटाणे पाण्यात टाकले, थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “मग त्यांचा हिस्सा आता कोण देतं?”

हा प्रश्न आम्ही या पानांवरून आपल्या सर्वांपुढे ठेवीत आहोत.